वीस मिनिटं

शनिवारी संध्याकाळी कर्वे रस्त्यावर
कुणीही विचारलं तरी मी वीसच मिनिटं सांगतो.
पंधरा म्हटलं तर लोक घड्याळ बघत बसतात,
अर्धा तास म्हटलं की समोरच्या डोसेवाल्याकडं जातात.
वीस पचतात.

माझ्याकडं एक पॅड, सुतळीनं बांधलेलं बॉलपेन,
आणि मागं मेट्रोचा खांब, त्याला पाठ टेकतो
मालक गल्ल्यावर गुंतले की.
पॅडवर आडनाव आणि आकडा, बास.
गोखले सहा. बागवान तीन. पिंपळखरे दोन
आणि एक बाळ, त्याला खुर्ची लागेल का,
लागेल, पण आकड्यात धरू नका.
शेट्टीगार नऊ, म्हणजे दोन टेबलं जोडायची,
म्हणजे वीस मिनिटं.

फुटपाथवर अख्खं कोथरूड ताटकळतं.
पोरी तोंडाचे स्कार्फ सोडून केस झटकतात.
एक आजोबा सारखे येऊन
पॅडमध्ये डोकावतात, बोटानं मोजतात,
"आमच्यापुढं तीन होते, आता चार कसे?"
त्यांची सून लांबूनच मला हात जोडते.
दार उघडलं की पिठल्याचा वास, गार हवा, कुणाचं तरी हसणं.
दार मिटलं की पुन्हा रिक्षा.

नियम असा: तीनदा पुकारायचं, मग काट.
पाऊस असो, नगरसेवकाचा मेहुणा असो.
मेहुण्याला चारदा.

गेल्या शनिवारी नऊच्या गर्दीत
माझ्याच अक्षरात लिहिलेलं दिसलं, सुरवसे चार.
कुणी सांगितलं, कधी लिहिलं, आठवेना.
सहा वर्षांत या फुटपाथवर
माझं आडनाव पहिल्यांदाच जेवायला आलेलं.
कुठले असतील? बार्शीचे?
की परांड्याकडचे, आमच्यातलेच?
मी जरा मोठ्यानं पुकारलं, सुरवसे!
गावाकडं आई वरच्या आळीतून हाक मारायची
तसा आवाज निघाला, शेवटच्या अक्षरावर चढणारा.
दोनदा. तीनदा. पिंपळखऱ्यांनी मोबाइलमधून मान वर काढली.
चौथ्यांदाही पुकारलं, मेहुण्यासारखं.
कुणी आलं नाही.
गेले असतील डोसेवाल्याकडं.
काट मारली, पण बारीक,
खालचं नाव वाचता येईल अशी.

माझा रविवार मंगळवारी असतो.
कालिंदा म्हणाली, सारसबाग नको, तीच ती भेळ,
कुठंतरी आत बसून खाऊ, पंख्याखाली.
लग्नातली नाही, तिच्याखालची साडी नेसली तिनं.
वारज्याहून बसनं डेक्कनला उतरलो,
एका गल्लीतल्या हॉटेलात शिरलो, दुपारचे तीन,
दहातली नऊ टेबलं मोकळी,
दहाव्यावर वेटरच लसूण सोलत बसलेला.

आणि मी दारातच थांबलो.
भिंतीकडं सरकून उभा,
येणाऱ्याजाणाऱ्याला वाट सोडून,
कुणी येतजात नसताना.
पोरगा हात पुसत आला, या ना, म्हणाला.
मी म्हणालो, "सुरवसे. दोन."
तो बघतच राहिला.
"सगळं रिकामंच आहे काका, बसा कुठंही."

कालिंदा कधीच आत गेली होती.
पंख्याखालच्या टेबलावर पिशवी ठेवून
मेनूकार्ड उजवीकडून, आकड्यांकडून वाचत होती.
"थालीपीठाला किती वेळ लागेल रे?"
"वीस मिनिटं."
मला हसू आलं, तिला कळेना कशाचं.

पस्तीस लागली.
लोणी मात्र त्यानं न मागता दुसऱ्यांदा आणलं.