टपावरचे दिवे

किनवटच्या नाक्यावर जब्बार मिस्त्री विचारतो,
"लांबचं पायजे का रुंद, डॉक्टरीणबाई?"
लांबचा झोत वळण सोडून सरळ दरीत जातो,
रुंदाला बांधावरची बाभळ दिसते,
पुढचा खड्डा नाही.

एक-एक बसव, म्हटलं.
"जोडी मोडायची?" तो हसला,
पण टपाला भोकं पाडली, सिलिकॉन भरलं,
वायर खांबातून खाली, रिले, फ्यूज.

रात्री घाटात बटण दाबलं
तर आधी उजळलं बॉनेटच,
पांढरंफेक, थेट डोळ्यात.
सकाळी त्यानं ते काळं करून दिलं,
तव्याच्या बुडासारखं.

आता अडलेल्या म्हशीपाशी
तांड्यावर कुणीतरी म्हणतं, आली बाई,
आणि पाणी तापत ठेवतं.

मला अजून
तांडा दिसलेलाही नसतो.