जागा एक, मुदत चार वर्षं

तार्तूत जानेवारीत चारलाच दिवे लागतात.
माल्ले अर्ज मोजते: एकशे सत्तावीस.
विषय, दलदलीतलं शेवाळ
आणि ते पोटात किती कार्बन धरून ठेवतं.
बुटांचं माप जाहिरातीत मागितलं नव्हतं,
तरी एकानं कळवलंय, बेचाळीस.
एकीनं लिहिलंय, मी थंडीला भीत नाही.
माल्ले अजून भिते.

खिडकीजवळच्या खणात
काइदोच्या पेन्सिलीचं थोटूक.
प्रबंध अर्ध्यावर टाकून
तो वाल्गाला बेकरी चालवतो,
नाताळात न चुकता काळा पाव पाठवतो.

नकाराचा मजकूर तयारच असतो,
फक्त नावं बदलायची.
प्रत्येक नाव ती आधी मोठ्यानं म्हणून बघते,
जीभ अडखळली तर पुन्हा,
मग पाठवते.

बेचाळीसवाल्याचं तेवढं राहू देते.
कपाटात काइदोचे गमबूट आहेत.
उलटे करून बघते:
एक्केचाळीस.