दोन स्टेशनांच्या मधे

ग्रामसभेला मी उशिरा पोचले,
तोवर रेडिओ माझ्या नावावर चढला होता.
एक नग, पिवळा, हँडल फिरवून चालणारा,
पाठीवर सोलरची काच.
जबाबदार व्यक्ती: हेमलता शिवणकर, अंगणवाडी मदतनीस.
फुगाबाई मागून म्हणाली,
"आता पाणी तुले इचारून येईन का वं?"

सोबतचा कागद भलत्याच भाषेत होता,
म्हणून जे शिकले ते हातानं.
सेल आत ठेवून विसरायचे नसतात.
पहिल्या वर्षी ते पाझरले, स्प्रिंगवर पांढरं साचलं;
लिंबाची फोड घासली, कापसानं पुसलं,
दुपारभर उन्हात ठेवलं, लोणच्याच्या बरणीशेजारी.
काचेवरची धूळ रोज, ओल्या फडक्यानं.
हँडलचे दर अमावस्येला दीडशे फेरे,
काम असो नसो.
बसून राहिलेली बॅटरी अन् बसून राहिलेला माणूस
ऐन वेळी उठत नाही,
हे मी नाही, साकोलीच्या बाजारातला अख्तर म्हणतो.

एका भादव्यात कुंभारीण माशीनं
स्पीकरच्या भोकांवर चिखलाचं घर बांधलं.
पंधरा दिवस बातम्या मातीतून आल्या.
तिची पिल्लं उडेपर्यंत मी थांबले,
वर कुणाला कळवलं नाही.
एरियल मोडली, तिथं छत्रीची काडी आहे.
नागपूर लागतं तिथं नेलपॉलिशचा लाल ठिपका.

"विदर्भात तुरळक ठिकाणी", तो म्हणतो.
तुरळक म्हणजे आमचा बोडीटोला की पलीकडचा,
ते त्यालाही ठाऊक नसतं.
एकदा त्याच्या भरवशावर
सगळ्या टोल्याची पोती मी शाळेत वाहायला लावली,
अन् रात्रभर चांदणं पडलं.
पोती परत नेताना कुणी माझ्याशी बोललं नाही.

मग त्या साली, रोवणीत,
गजाननच्या बांधीत आम्ही चौदा जणी.
रेडिओ धुऱ्यावर, खोचलेल्या काठीला, पिशवीत.
चिखलाच्या हातानं बटण फिरलं,
काटा ठिपक्यावरून सरकला.
ना नागपूर, ना चंद्रपूर. नुसती खरखर.
मी बंद करणार तेवढ्यात, कट्.

वर पाहिलं. मावळतीला थोडं निळं-काळं,
एवढं तर रोजच असतं.
वाकले, पऱ्हे लावत गेले. कट्.
मधे एकोणीस रोपं लागली होती.
पुन्हा मोजली: अकरा.
पुन्हा: सहा.
आभाळ अजून काही बोललं नव्हतं.
डबा बोलत होता.

मी ओरडले, "निघा!"
गजानन धुऱ्यावरून ओरडला, "अर्धी बांधी बाकी हाय ना वं!"
चांदण्याची रात्र कुणाकुणाला आठवली असणार,
मला तर आठवलीच.
फुगाबाईनं माझ्याकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं,
हातातली जुडी चिखलात टाकली
अन् लुगडं खोचून चालू पडली.
ती निघाली म्हणून बाकीच्या निघाल्या.
दोघी मोहाखाली थांबत होत्या,
त्यांना दंडाला धरून ओढलं.
मी छत्रीची काडी मिटली अन् शाळेकडे पळाले.

वीज कुठं पडली, कुणी पाहिलं नाही.
खिडक्या थरथरल्या, एवढंच.
सकाळी मोहाची साल
शेंड्यापासून बुडापर्यंत उभी सोललेली होती,
फुगाबाईची जुडी पाण्यात होती तिथंच, हिरवी.
गजाननं दिवसाची मजुरी पूर्ण दिली,
का दिली ते नाही बोलला.

त्या जागेवर मी ठिपका लावला नाही.
ती जागा कुठल्याच स्टेशनची नाही,
अन् दर वेळी थोडी इकडं-तिकडं होते.

अमावस्येला फुगाबाई येते आता.
दीडशेतले साठ फेरे तिचे.
चाळीसच्या पुढं मोजताना चुकते,
मग चिडते, अन् पुन्हा एकपासून.
मी थांबवत नाही.