तहान कशी लागते

सेलूच्या स्टेशन रोडला, पिठाच्या गिरणीला लागून
पाथ्रीकर डॉक्टरचा दवाखाना,
आणि दवाखान्यात मी, कुशावर्ता,
सोळा वर्षं पुड्या बांधणारी.

पुसाच्या महिन्यात परभणीकडून गारठा
रुळावरनं चालत येतो.
हुरड्याला गेलेली माणसं खोकत परततात,
बाकावर टेकतात. मफलर सारखे, ताप सारखा,
अंगावर गिरणीचं पीठसुद्धा सारखंच.
पण डॉक्टर एकेकाला वेगळं विचारायचे:
तहान कशी लागते?
घोट घोट, का तांब्या रिकामा होईस्तोवर?
थंडी पाठीतून चढते, का पायातून?
निपचित पडावं वाटतं, का कूस बदलत राहावं?
कुणी जवळ बसलेलं चालतं का?

ह्या शेवटच्याला रखमाजी हमाल,
क्विंटलाचं पोतं एका हिसक्यात उचलणारा,
खाली बघत म्हणाला,
"आजवर कुणी बसलंच न्हाई, सायेब.
कसं सांगू?"

त्याला जेल्सेमियम. चार गोळ्या, दिवसातून तीनदा.
कच्चा कांदा बंद, कॉफी बंद.
सेलूत कॉफी कोण पितं?
पण डॉक्टर सांगायचे,
अन् माणसं सोडल्यासारखी मान डोलवायची.

एका साली औरंगाबादचं पार्सल आलं नाही.
डॉक्टर बीडला, भाचीच्या लग्नात.
माणसं पायरीच्या खालपर्यंत.
मी कोऱ्या गोळ्या दिल्या.
नुसती साखर.
विचारलं मात्र सगळं, त्यांच्याच आवाजात,
तहान, पाठ, कूस,
कागदाला तीच घडी घातली.
आठवडा सरला नाही तोच सगळे कामावर.
रखमाजीनं रुमालात भुईमुगाच्या शेंगा आणल्या.
मला त्या फोडता आल्या नाहीत.
फडताळात ठेवल्या, उंदरांनी नेल्या.

अन् एकदा टेकाळ्यांची नात आली,
दीड वर्षाची, श्वासागणिक बरगड्या आत ओढणारी.
मी पुडीचा कागद काढला
तर डॉक्टरांनी माझा हात धरला.
तहान विचारली नाही, काहीच विचारलं नाही.
गल्ल्यातल्या सगळ्या नोटा मुठीत घेऊन
त्या बाईला जीपमध्ये बसवलं,
स्वतः पुढं बसले. परभणी, सिव्हिल.
त्या रात्री दवाखान्याला कुलूप लावायला
मला किल्ली सापडत नव्हती.

यंदा डॉक्टरच आडवे झाले.
वहिनींचा काढा: गवती चहा, अडुळसा,
सुंठ, चार मिरे, गूळ नावापुरता.
मागच्या गल्लीतून मेहरुन आपा जोशांदा घेऊन आल्या,
मुलेठीचा, उन्नाबचा,
"पी लो डॉक्टरसाब, हमारे अब्बा का नुस्खा है,"
अन् ते दोन्ही प्याले, एकामागं एक,
शिक्षा झालेल्या पोरासारखे.
"तुमच्या शास्त्रात चालतं का हे?" मी म्हटलं.
"नाकाला विचार," म्हणाले. "नाक उघडलं."

मग म्हणाले, माझी पुडी.

मी कपाट उघडलं.
पन्नासेक बाटल्या, चिठ्ठ्या माझ्याच अक्षरातल्या.
तसंच उभं राहून, पाठमोरीच, सांगून टाकलं:
ते पार्सल, ते लग्न, ती साखर.

आधी खोकला आला की हसू, कळलं नाही.
दोन्ही एकात एक अडकलं होतं.
"अगं, फ्लू बहुतेकदा आपल्या पायानंच जातो.
तो जाईस्तोवर
माणसानं कुणाशी बोलायचं, एवढंच बघत आलो मी.
अन् कुणाला रात्रीची वाट बघू द्यायची नाही,
ते."

हे औषधावर बोलले
का माझ्यावर माफी ओतली, कोण जाणे.
मला थोडा रागच आला.
सोळा वर्षं मी चमच्यानं मोजून गोळ्या भरल्या.

स्टूल ओढून बसले.
तहान कशी लागते, डॉक्टर?
डोळे मिटून त्यांनी खरंच विचार केला.
"घोट घोट."
थंडी?
"पाठीतून. ह्या, इथून."
कुणी जवळ बसलेलं चालतं?

शेजारची गिरणी लोडशेडिंगनं थांबली.
पट्टा दोनदा फटफटला, गप झाला.
त्यांनी उत्तर दिलं असेल तेव्हा.
मी तांब्याकडं हात नेला होता,
पाणी कोमट होतं.