एकोणीस नंबरचा बाटला

ऑक्टोबर लागला की मालवणहून छोटा हत्ती येतो,
गगनबावड्याच्या वळणांनी ड्रायव्हरचं तोंड उतरलेलं,
मागं गोणपाटात गुंडाळलेले तीस बाटले.
उद्यमनगरातला आमचा बोळ,
लेथचा कीस, जळकं तेल,
त्यात एकदम खारं काहीतरी शिरतं.
समोरच्या फौंड्रीतलं मांजर रस्ता ओलांडून येतं.

मी बाबालाल. बाटल्यांची परीक्षा घेतो.
आधी व्हॉल्व्ह हळूच सैल करायचा,
उरलेली हवा फुसकन बाहेर.
समुद्रकाठी भरलेली,
कुणाच्या तरी छातीत जायची राहून गेलेली
ती हवा माझ्या तोंडावर येते.
वास कशाचाच नसतो. तरी मी हुंगतो.
बुडाच्या रबरी बुटात वाळू,
एखादं नखाएवढं कालव घट्ट बसलेलं.
ते स्क्रू-ड्रायव्हरनं सोडवून खिडकीत ठेवतो.
मालक म्हणतात, शंखांचं दुकान काढतोस काय?

मग बाटल्यात कळंब्याचं पाणी, गळ्यापर्यंत.
पंप लावायचा, काटा चढवत न्यायचा,
दोनशेच्या पुढं, तीनशेच्या पुढं.
बाटला फुगतो. डोळ्याला दिसत नाही,
काचेच्या नळीत पाण्याची रेघ सरकते तेवढंच.
दाब सोडला की रेघ खाली यायला पाहिजे.
नाही आली, तर त्याचं आयुष्य संपलं.

तिकडं पाणी बाहेर, हवा आत.
इकडं उलटं.
इथं बाटला बुडतो म्हणून तिथं माणूस बुडत नाही,
असं मी एकदा लग्नात पाव्हण्यांना सांगितलं.
पाव्हणे म्हणाले, पगार किती?

गेल्या साली एकोणीस नंबरची रेघ
वर गेली ती वरच राहिली.
लवू टिकम दारात उकिडवा बसलेला.
"बाबालाल, एक डाव पास कर रे.
सिझन तोंडार इलो."
दिवाळीचं बुकिंग होतं त्याच्याकडं,
साताऱ्याची, पुण्याची माणसं,
गुडघ्यावरचं पाणी न बघितलेली.
मी पंच उचलला.
खांद्यावर, तारीख ठोकायच्या जागी,
दोन फुल्या ठोकल्या.
लवूनं बाटला उचलला,
अर्धा चहा तसाच ठेवून गेला.

मला पोहायला चुलत्यानं शिकवलं,
वडणग्याच्या विहिरीत,
पाठीला पांगिऱ्याचा बिंडा बांधून.
दोर पोटाला काचायचा.
पाण्यात डोळे उघडले की हिरवा काळोख
आणि आपलेच पाय.
त्यापलीकडं पाण्याखालचं मी काही बघितलेलं नाही.

यंदा लवू आला. बाटले उतरवले, मोजले, सही केली.
मग खिशातून फोन काढला, काच तडकलेली.
"बघ."

निळं. मग आणखी निळं.
खडपावर पोवळी,
पाटीवर कुरडया घालाव्यात तशी दाटीनं.
पट्ट्यापट्ट्यांचे मासे, शाळा सुटल्यागत.
एक पोपट मासा दगड कुरतडत होता,
ते ऐकू येत होतं, कानस चालवल्यासारखं.
मग वाळूत आडवा पडलेला बाटला.
शेवाळ, वर कसलंसं गुलाबी पूट.
ज्या तोंडाचे आटे मी ब्रशनं घासले होते
त्यातून एक वाम डोकं काढून बघत होती.
तोंड उघडायची, मिटायची, उघडायची.
लवूचा हात आला,
त्यानं खांद्यावरचं शेवाळ अंगठ्यानं पुसलं.
दोन फुल्या.
डावी जरा तिरकी.
माझाच हात.

"रागान टाकलंय रे होडीतसून," लवू म्हणाला,
"मागसून बघूक गेलंय, तर हिना घर केल्यान."

मी फोन परत दिला.
काचेवर माझ्या बोटांचं ग्रीस लागलं होतं,
त्यानं ते पुसलं नाही.
"चल यंदा. तुका न्हेतंय खाली."
मी म्हटलं, बघू.

तीसपैकी एकोणतीस पास झाले.
राहिलेल्या एकावर फुल्या ठोकताना
पंच जरा सरळ धरला.