खर्ची न पडता

रणोलीच्या शेडमधला रिअ‍ॅक्टर केवढा, तर माझ्या दंडाएवढा.
कोळशापासून काढलेलं तेल पिंपातून आलं
आणि झाकण उघडताच हसमुखभाई मागं सरकला:
“बेन, आ तो पटारानी वास!”
खरंच, डांबरगोळ्यांचा वास. ठेवणीतल्या शालूंचा,
फक्त हे शालू पंचवीस कोटी वर्षं
कुणी घडी मोडली नव्हती.

काळं, चिकट, हट्टी तेल.
कड्यात कडी अडकवून बसलेले रेणू,
हायड्रोजनचे उपाशी,
नायट्रोजन मात्र पदराआड धरलेला.

उत्प्रेरक मीच भरला, चमच्याचमच्यानं,
नळीला लाकडी मुठीचे हलके ठोके देत.
फिकट हिरवे तुकडे, मोडलेल्या शेवेसारखे.
(बडोद्यात दुसरी उपमा कुठून सुचणार?
दुपारीच उसळीवर घेतली होती, तर्री मारून.)
मग गंधक पाजून त्यांना काळं केलं,
तीनशे साठ अंश, दीडशे बार,
आणि तेल थेंब थेंब सोडलं.

पहिल्या दिवशी बाटलीत कॉफी.
चौथ्या दिवशी मध.
सातव्या दिवशी जवळजवळ पाणी.
तांबेसाहेबांनी बाटली ट्यूबलाइटपुढं धरली
आणि तिच्यातून समोरचं कॅलेंडर वाचलं,
मोठ्यानं, संकष्टीसकट.

अकराव्या रात्री मध परत आला.
पाच अंश वाढवले. मग आणखी पाच.
दमलेल्या माणसाला चहावर चहा पाजावा तसं.
एकोणिसाव्या पहाटे मीच व्हॉल्व्ह बंद केला.

घरी, दांडिया बाजारात,
भाचा निषाद येरझाऱ्या घालत घोकत होता:
स्वतः खर्ची न पडता
जो पदार्थ अभिक्रियेचा वेग बदलतो.
स्वतः खर्ची न पडता.
मी तिसऱ्यांदा केस धूत होते, वास जात नव्हता.
“मावशी, बरोबर आहे ना?”
“पुस्तकात आहे तसंच लिही,” मी मोरीतून ओरडले.

आज रिअ‍ॅक्टर उघडला.
नायट्रोजनखालीच, कारण आता त्यांना वारा लागला
तर आपणहून पेटतात.
काही तुकडे एकमेकांना चिकटलेले,
काहींचा भुगा. भोकाभोकांत कोळसा,
ज्याला तेलातून हाकलला तोच.
जाळून काढू म्हणतात साहेब. निघेल बराचसा.
लोखंड रुतलंय, ते नाही निघायचं.

मध्येच लाइट गेली.
हसमुखभाईनं सातव्या ते दहाव्या दिवसाचं डिझेल,
अडीच लिटर, साहेबांना न विचारता
शेडमागच्या जनरेटरमध्ये ओतलं.
तो दोनदा खोकला, मग लागला.
त्या बल्बखाली मी बंद डबा काट्यावर ठेवला,
डब्याचं वजन वजा केलं, वहीत लिहिलं:
भरताना चौऱ्याऐंशी ग्रॅम.
निघताना एकशे दोन.