शिल्लक नग

नारिनच्या वर सिग्नल नाही.
ऐझिरेक टेकडीवर जाऊन
सासूच्या नमद्यांचे फोटो चढवते,
प्रश्न घेऊन खाली येते.

लांबी?
सात विती नि एक अंगठा.
वजन?
ते टपालवाल्याला विचार,
तोच नमद्याहून जास्त घेतो.

पैसे आधी की माल आधी?
बुरुलकान नुसता चहा ढवळत राहते.
बाजारात ती गिऱ्हाइकाचे हात बघून भाव सांगते;
इथं हातच दिसत नाहीत.

एक परत आला होता, पार हॅम्बर्गहून:
लाल फोटोतल्यासारखा नाही म्हणे.
त्यावर आता नातू लोळतो.
त्याला चालतो तो लाल.

शेवटची चौकट: शिल्लक नग किती?
ऐझिरेकचं बोट अडखळतं.

एक, बुरुलकान म्हणते
दोरा दातांनी तोडून,
कायम एकच लिही.